‘नॅनो’ची भीती आणि गोरेपणाचा धंदा

सनस्क्रीन हा चळवळीचा विषय आहे का, असं काही मैत्रिणी विचारतील. पण वस्तीतल्या मुली पहिल्या पगारातून क्रिमची नळी घेतात आणि मग आम्हालाच विचारतात, "ताई, यातले नॅनो कण अंगात जातात म्हणे, कॅन्सर होतो म्हणे, खरं का?" प्रश्न आपल्या शरीराचा आहे, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

‘मिनरल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रिममध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ही जुनीच द्रव्यं. पूर्वी ती लावली की सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसे. कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान केले की पांढरेपणा जातो. यालाच नॅनो म्हणतात. हे कण आरशासारखे ऊन परतवतात हे जाहिरातीतलं चित्र बरंचसं खोटं आहे. ते अतिनील किरण मुख्यतः शोषून घेतात.

ते रक्तात जातात का? आजवरच्या अभ्यासांत हे कण धडधाकट कातडीच्या वरच्या मृत थरातच अडकलेले दिसले. ऑस्ट्रेलियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्रिममधलं जस्त ओळखू येईल असं खास वापरलं होतं. रक्तात ते सापडलं, पण अगदी अल्प. आपल्या जेवणातूनही शरीराला जस्त मिळतंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात सोळा घटक तपासले, त्यात सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा फक्त या दोघांचाच मानला. आणखी बारांबद्दल कंपन्यांकडे जादा माहिती मागितली. त्यातले काही रक्तात उतरतात हे त्याच प्रशासनाच्या चाचण्यांत दिसलं होतं. उतरतात म्हणजे अपाय करतातच असं नव्हे, पण वर्षानुवर्षं विकल्यावर हे तपासलं जावं, याचा राग यायला हवा.

धोका आहे तो श्वासाचा. टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी फुप्फुसात गेल्यास कर्करोगाची शक्यता आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली ठरवलं, मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवरून. म्हणून फवारा आणि पावडर टाळा, क्रिम घ्या. आणि ही भुकटी कारखान्यात हाताळणाऱ्यांच्या नाकावर मास्क असतो का, हे कोण विचारणार?

आता उपयोगाचं. पातळ हात फिरवला तर डब्यावरचा आकडा खरा ठरत नाही. चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढं क्रिम लागतं, आणि घाम आला की, किंवा दर दोन तासांनी, पुन्हा. हा खर्च कुणाला परवडतो? त्यात वांग घालवायला म्हणून जे पारदर्शक क्रिम खपवतात, ते दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही, आणि आपल्यासारख्या कातडीवर वांग त्यानेही वाढतो. तिथे लोहाचे ऑक्साइड घातलेलं, मातकट रंगाचं क्रिम बरं.

सावळ्या कातडीला त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी, हे मात्र जाहिरात सांगत नाही. ती ‘काळवंडण्याची’ भीती विकते. एका नामांकित क्रिमच्या नावातला ‘फेअर’ २०२० साली गेला, भीती गेली नाही. कांदा काढणाऱ्या, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईला उन्हाचा झटका क्रिमने टळत नाही. तिला सावली, पाणी, सुती कापड आणि दुपारची सुट्टी लागते, मजुरी न कापता.

मात्र काहीजणींना क्रिम खरंच औषध आहे. ल्युपस झालेल्यांत दहातल्या नऊ बाया असतात, आणि उन्हाने तो आजार उफाळतो. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सनस्क्रीन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधनात मोडतं. या रुग्णांना ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवं. आणि युरोपात २०१३ पासून जसा घटकांपुढे ‘नॅनो’ हा शब्द छापावाच लागतो, तशी सक्ती इथेही हवी, मराठीत वाचता येईल अशा अक्षरांत.