गिम्प ३.०: फिल्टर लावल्यानंतरही सेटिंग बदलता येणार, पण फाइल जपून ठेवली तरच!

फोटो एडिटिंगसाठी मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांना गिम्प हे नाव नवीन नाही. १६ मार्च २०२५ रोजी त्याची ३.० आवृत्ती आली. आधीची मोठी आवृत्ती २.१० होती एप्रिल २०१८ मधली, म्हणजे जवळपास सात वर्षांनी आलेलं हे अपडेट आहे. त्यात बरंच काही नवीन असलं, तरी रोजच्या कामात सर्वात जास्त फरक पाडणारी गोष्ट एकच आहे: लावलेल्या फिल्टरची सेटिंग नंतर पुन्हा उघडून बदलता येते.

आधी अडचण काय होती?

समजा, तुम्ही गणेशोत्सव मंडळाचा बॅनर करताय. मागच्या फोटोला ब्लर दिला, मग रंग बदलले, वर नावं टाकली. आता कुणीतरी म्हणतं, "ब्लर जरा कमी कर ना!" २.१० मध्ये ब्लर लावताना प्रिव्ह्यू दिसायचा, पण एकदा ओके केलं की विषय संपला. भाजीत मीठ पडलं की पडलं! अनडू केलं तर ब्लरनंतरचं सगळं कामही मागे जायचं. आणि फाइल एकदा बंद केली की अनडूचा इतिहासही गायब.

आता काय बदललं?

३.० मध्ये फिल्टर मूळ पिक्सेलमध्ये मिसळत नाही, लेयरवर वेगळा राहतो. लेयर्सच्या यादीत त्या लेयरसमोर 'एफएक्स' हे चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं की लावलेले सगळे फिल्टर दिसतात. हवा तो उघडा, आकडा बदला आणि परिणाम तिथेच बघा. फिल्टर तात्पुरता बंद करता येतो, वर-खाली सरकवता येतो किंवा काढूनही टाकता येतो.

एवढा उशीर का लागला?

फोटोशॉपमध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ पासून आणि स्मार्ट फिल्टर २००७ पासून आहेत. गिम्पला हे जमवण्यासाठी आतलं इंजिनच बदलावं लागलं. जीईजीएल नावाच्या या इंजिनचं काम २००० साली सुरू झालं. ते चित्राकडे पायऱ्यांची साखळी म्हणून बघतं: मूळ फोटो, त्यावर ब्लर, त्यावर रंग. एक पायरी बदलली की पुढचं पुन्हा मोजलं जातं. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या प्रकल्पात एवढा मोठा बदल हळूहळूच होणार.

मर्यादाही लक्षात घ्या

ब्रशने केलेलं काम आणि काही जुने प्लगइन अजूनही थेट पिक्सेल बदलतात. एकावर एक जड फिल्टर चढवले, तर कमी रॅमच्या लॅपटॉपवर काम संथ होऊ शकतं. आणि गिम्प विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी आहे, फोनसाठी नाही.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे ही सगळी सेटिंग टिकते फक्त गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये. जेपीजी एक्स्पोर्ट केलं की त्यात सगळं एकजीव होतं. नंतर ते जेपीजी गिम्पमध्ये कितीही वेळा उघडलं तरी 'एफएक्स' दिसणार नाही.

फोनवाल्यांचा यात काय संबंध?

ही पद्धत तुमच्या ओळखीची आहे. लाइटरूममध्ये किंवा आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये एडिट केलेला फोटो पुन्हा उघडा, स्लायडर तुम्ही ठेवले होते तिथेच असतात. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की समोरच्याला फक्त तयार चित्र मिळतं, स्लायडर नाहीत.

म्हणून डिझाइन शिकत असाल किंवा छोटी-मोठी कामं घेत असाल, तर एक सवय आजच लावा. गिऱ्हाइकाला जेपीजी द्या, पण मूळ एक्ससीएफ फाइल डिलीट करू नका. पुढच्या वर्षी तोच बॅनर नव्या तारखेसह मागितला, तर काम दहा मिनिटांत होणार की पुन्हा पहिल्यापासून, हे त्या एका फाइलवर ठरेल.