भाडेवसुलीचे धडे
फ्रेड ट्रम्पचे वडील १९१८च्या फ्लूच्या साथीत गेले, तेव्हा तो १२ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये घरं बांधायला लागला, पण सहीचं वय नव्हतं. म्हणून कंपनी आईच्या नावे, ‘ई. ट्रम्प अँड सन’. मोठा बिल्डर झाल्यावरही साइटवर पडलेले खिळे वेचून तो सुतारांना परत द्यायचा. (आपल्याकडच्या कंत्राटदारांनी मनावर घ्यायला हरकत नाही!) मुलगा डोनाल्ड अशा बापामागे हिंडत वाढला. भाडं मागायला गेल्यावर दारासमोर उभं राहायचं नाही, भिंतीला चिकटून हात लांबवून दार ठोठावायचं. आतून गोळी आलीच तर हातावर निभावेल, हा धडा त्याने १९८७च्या आत्मचरित्रात सांगितलाय. असली वसुली त्याला मुळीच आवडली नाही. धंदा मात्र तोच धरला, फक्त नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये.