रोजा सुटला, हात सैल सुटला!

मैत्रिणींनो, रमजानच्या दिवसांत संध्याकाळी मशिदीजवळच्या बाजारातून कधी चक्कर मारली आहे का? पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या बायका खजूर, कलिंगड, समोसे, रूह अफजाची बाटली असं काय काय पिशवीत भरत असतात. मीही त्यांच्यातच असते! उपाशीपोटी बाजारात गेलं की डोळ्यांची भूक पोटाच्या भुकेहून मोठी होते. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. मग मगरिबची अजान होते, रोजा सुटतो आणि दोन खजूर अन् ग्लासभर सरबतातच पोट भरतं. उरलेली भजी सहेरीला कुणी तोंडातही घालत नाही.

गंमत अशी की, रोजा म्हणजे खरं तर हात आवरायची शाळा. घरात अन्न आहे, माठात गार पाणी आहे, बघायला कुणी नाही, तरीही आपला हात तिकडे जात नाही. पैशाचंही याहून वेगळं काय असतं? 'हवं' आणि 'घेतलं' या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ थांबता आलं पाहिजे, एवढंच. तेरा-चौदा तास पाण्याच्या ग्लासाला हात न लावणारी बाई तरावीहनंतरच्या रात्रीच्या बाजारात एका ड्रेससमोर तेरा मिनिटंही का थांबू शकत नाही, याचा मी बरीच वर्षं विचार करत होते. मला सापडलेलं उत्तर साधं आहे. रोज्याला वेळापत्रक असतं. सहेरी किती वाजून किती मिनिटांनी संपते आणि इफ्तार कधी, हे छापलेलं कार्ड प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात लटकलेलं असतं. एका मिनिटाचीही चूक आपण होऊ देत नाही. पैशाचं असं कार्ड मात्र कुणाच्याच भिंतीवर नसतं!

माझंच सांगते. मुलं लहान असताना एका ईदेला सगळ्यांचे कपडे, चपला, शीरखुर्म्याचा सुका मेवा, सगळं उधारीवर आणलं. 'ईद वर्षातून एकदा येते' असं स्वतःलाच समजावलं. पण रमजान ईदेनंतर सत्तर दिवसांत बकरी ईद येऊन उभी राहते, तोवर कापडवाल्याच्या वहीतलं माझं नाव काही खोडलं गेलं नव्हतं. त्या गल्लीतून जायचं टाळून मी लांबचा रस्ता धरायची. बचत गटाच्या कामाला लागल्यापासून बघते आहे, हा लांबचा रस्ता धरणाऱ्या खूप जणी आहेत. दिवाळीच्या आधी कर्ज मागणाऱ्या आहेत, तशाच ईदेच्या आधीही. (आमच्यातल्या कित्येक जणी व्याज नको म्हणून गटात येत नाहीत, भिशी लावतात. ते मला समजतं. पण भिशी कधी उचलायची हे तरी ठरवून घ्या, नाहीतर ईद होऊन गेल्यावर नंबर लागतो.)

त्यात आमचं वर्ष चंद्राचं. इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते, पण पगार आणि शाळेची फी इंग्रजी महिन्यानेच चालतात. २०३० साली तर जानेवारीच्या सुरुवातीला एक रमजान लागेल आणि डिसेंबर संपता संपता दुसरा! ज्या घरात आत्तापासून ईदेचा वेगळा डबा नाही, त्या घराची तेव्हा काय तारांबळ होईल?

मोजदादीची सवय मात्र आपल्या धर्मातच घालून दिलेली आहे, ती जकातीच्या रूपाने. जकात म्हणजे फकिराच्या हातावर ठेवलेले सुटे पैसे नव्हेत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मालमत्ता चांद्र वर्षभर आपल्याकडे असेल, तर तिच्यावर अडीच टक्के. मर्यादा साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. हा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा. सराफाचा आजचा दहा ग्रॅमचा धरून हिशेब चुकवू नका. सोन्यासोबत थोडी रोकडही असली, तर बहुतेक उलेमा चांदीची मर्यादा धरायला सांगतात. हनफी बायकांना दागिन्यांवरही जकात आहे. कोकणातल्या आमच्या शाफई बहिणी साधारणपणे अंगावर वापरायचे दागिने धरत नाहीत, तेव्हा आपापल्या मौलानांना विचारलेलं बरं.

महत्त्वाचं हे की दागिने बाईचे, म्हणून त्यांची जकातही तिच्यावरच. नवऱ्याने 'दिली मी काहीतरी' म्हटलं की विषय संपत नाही. मीसुद्धा लग्नानंतर बारा-तेरा वर्षं तशीच निश्चिंत होते. एका वर्षी डबा घेऊन सराफाकडे गेले आणि सगळं वजन करून घेतलं, तर अम्मीने दिलेली एक बांगडी निघाली नाही. कुठल्या तरी अडचणीत घरातून गहाण गेली होती, मला सांगायचं राहून गेलं होतं! वजन केलं नसतं तर कळलंही नसतं. ती सोडवायला पुढे दीड वर्ष लागलं.

चार लाखांचे दागिने आणि रोकड असेल, तर जकात होते दहा हजार. रमजानमध्ये एकदम काढायला जीव वर येतो. पण महिन्याला साधारण साडेआठशे बाजूला पडले तर जाणवतही नाही. आणखी एक. डोक्यावरचं देणं आधी वजा होतं, मग उरलेल्यावर जकात. कर्जात बुडालेला माणूस तर जकात घेऊ शकणाऱ्या आठ प्रकारांत मोजला जातो. म्हणजे ईदेच्या हौसेपायी उधारी करत आपण देणाऱ्यांच्या रांगेतून घेणाऱ्यांच्या रांगेकडे सरकत असतो. आणि त्या रांगेत खरी गरजू विधवा, आपलीच एखादी लांबची बहीण, ताटकळत उभी असते.

गेल्या रमजानला वेळापत्रकाचं कार्ड घरी आलं, तेव्हा मी त्याची मागची कोरी बाजू वापरायला घेतली. रोज असरच्या नमाजनंतर, बाजारात जायच्या आधी, काय आणायचं आणि किती रुपयांचं, ते तिथे लिहायचं. लिहिलं नाही ते आणायचं नाही. पहिल्या आठवड्यात घरात कुरकुर झाली. सासूबाईंना वाटलं, फळं कमी केली. खरं तर कमी झालं होतं तळणाचं तेल. एका बुधवारी धाकटीने विचारलं, "अम्मी, आज समोसे नाहीत?"

"शुक्रवारी," मी म्हटलं.

पहाटेपासून थांबली होतीच. अजून दोन दिवस थांबली.