बाहेरून म्हणजे कुठून?

दरवर्षी पदवीचे प्रवेश संपले की सिंधुदुर्गात तीच चर्चा सुरू होते. अमुक महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला यंदा इतकीच मुलं आली, तमुक ठिकाणी वाणिज्यची दुसरी तुकडी गेली, एम.एस्सी.च्या वर्गातले बाक रिकामे राहिले. मग निष्कर्ष निघतात. आपल्या मुलांना आता शिकायचंच नाही, गोव्यात नोकरी मिळाली की ती खूश, हा पहिला. जी शिकतात त्यातली बरीच ‘बाहेरून’ परीक्षा देतात, ते काही खरं शिक्षण नव्हे, हा दुसरा. आणि या दोघांच्या खांद्यावर चढून तिसरा येतो: मग तालुक्यातालुक्यात महाविद्यालयं हवीत कशाला? ज्याला शिकायचं आहे तो घरी बसून ऑनलाइन शिकेल.

बोलणारी माणसं जाणती असतात, म्हणून या मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं. मला तिन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात. शिवाय ते एकमेकांशी जुळतही नाहीत. बाहेरून घेतलेलं शिक्षण खरं नसेल, तर तेच आख्ख्या जिल्ह्याला पुरेल असं म्हणायचं कुठल्या तोंडाने?

आधी ‘मुलांना शिकायचं नाही’ याबद्दल. बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग स्वतंत्र झाल्यापासून हे वर्षानुवर्षं चाललं आहे. 2025 मध्ये राज्याचा निकाल 91.88 टक्के लागला, कोकणाचा 96.74. इतकी मुलं बारावी पार करतात आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत त्यांची शिकण्याची इच्छा मरते, हे पटणारं नाही. ती मुलं जातात कुठे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर महाविद्यालयाच्या हजेरीपटात सापडत नाही, कारण तो पट फक्त आलेल्यांचा असतो.

शिवाय मुलंच कमी आहेत. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना जी थोडी ठिकाणं आक्रसली त्यात आपण आहोत. 2011 मध्ये आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या. कर्त्या वयाचे पुरुष मुंबईला आणि गोव्याला, मागे म्हातारी माणसं, बाया आणि शाळकरी पोरं, असं हे गणित आहे. ज्या वाडीत वीस वर्षांपूर्वी पाळणेच कमी हलले, त्या वाडीतून आज वर्ग भरण्याइतकी मुलं कुठून यायची? घटलेल्या पटाला घटलेली इच्छा म्हणणं म्हणजे विहिरीचं पाणी आटलं म्हणून पाणी काढणाऱ्याला आळशी ठरवणं.

देशाची उच्च शिक्षण पाहणी उच्च शिक्षण घेणाऱ्यांचं प्रमाण 18 ते 23 या वयोगटाशी ताडून काढते. 2021-22 च्या पाहणीत देशाचं सकल नोंदणी प्रमाण 28.4 होतं, महाराष्ट्राचं 35.3. पण नियमित शिकणारा विद्यार्थी ज्या संस्थेत प्रवेश घेतो तिच्या जागी मोजला जातो. मालवणची मुलगी कोल्हापूरला गेली की ती कोल्हापूरच्या आकड्यात जमा होते. वेंगुर्ल्याचा मुलगा पणजीला गेला की तो गोव्याचा होतो. आपली मुलं दुसऱ्यांच्या बेरजेत जातात, आणि आपण आपली वजाबाकी पाहून कपाळावर हात मारतो.

आणखी एक गोष्ट पातळीची. देशातल्या 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी जवळपास 79 टक्के पदवीला आहेत, पदव्युत्तरला साधारण 12 टक्के. पीएच.डी.चे 2.12 लाख, म्हणजे हजारात पाच. 2014-15 मध्ये संशोधक 1.17 लाख होते, तेव्हा वाढ मोठी आहे. पण ही वाढ जिथे प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि वसतिगृह आहे तिथेच होते. ज्या किनाऱ्यावर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, जिथे प्रवाळ पाहायला लोक पैसे देऊन पाण्यात उतरतात, तिथल्या मुलाला मत्स्यशास्त्राची पदवी घ्यायची तर रत्नागिरीच्या शिरगावला जावं लागतं. दर्या दारात आणि दर्याचं शास्त्र दुसऱ्या जिल्ह्यात. या मुलाला पदवीच्या पुढे जायचं नाही असं कोणी म्हटलं, तर त्याला आधी शिरगावच्या खोलीभाड्याचा हिशेब विचारावा.

आता ‘बाहेरून’ या शब्दाकडे येतो. हा शब्द मला खुपतो. बाहेरून म्हणजे कुठून? घरातून, दुकानातून, होडीतून, अंगणवाडीतून, गोव्यातल्या एखाद्या हॉटेलच्या मागच्या खोलीतून. ज्याला आपण बाहेरचा म्हणतो तो बहुतेक वेळा आपल्या गावाच्या अगदी आत असतो. तो इमारतीच्या बाहेर आहे, एवढंच.

हा प्रकार अलीकडचा, दर्जा घसरल्यानंतरचा, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 ला स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आणि ज्याचा नमुना घेतला त्या लंडनने 1858 मध्येच कुठल्याही महाविद्यालयात न जाणाऱ्यालाही परीक्षेची दारं उघडली. म्हणजे ‘बाहेरून’ ही कल्पना आपल्या विद्यापीठाच्या वयाचीच आहे. मुंबई विद्यापीठाने स्वतः 1971 मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, तेच पुढे ‘आयडॉल’ म्हणून ओळखलं गेलं. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीही त्या विद्यापीठाने पूर्वतयारीची वाट काढली. 2020-21 च्या पाहणीत देशात दूरस्थ पद्धतीने शिकणारे 45.7 लाख होते, म्हणजे नऊ विद्यार्थ्यांमागे एक. त्यात 20.9 लाख स्त्रिया. एवढ्या माणसांना दुय्यम ठरवण्याआधी थोडं थांबावं. विद्यापीठ अनुदान आयोगानेही सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानायची.

कोकणी माणसाला तर हे कोणी शिकवायला नको. कामावरून सुटून गिरणगावातल्या रात्रशाळेत जाऊन बसणारे चाकरमानी आपल्याच घरातले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडलं ते सकाळच्या वर्गांचं, नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. तिथे माणसाच्या कामाची वेळ आधी पाहिली गेली आणि घड्याळ तिच्याभोवती लावलं गेलं.

आपल्या किनाऱ्यावर हेच उलटं चालतं. यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते 1 जून ते 31 जुलै. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि तारकर्ली-देवबागचे जलक्रीडांचे व्यवसाय मेअखेरीस थांबतात आणि पावसाळाभर बंद राहतात. किनाऱ्यावरचा तरुण वर्षात मोकळा असतो तो याच दिवसांत. आणि नेमक्या याच दिवसांत महाविद्यालयात निकाल, अर्ज, गुणवत्ता यादी, दाखले यांची रांग असते, वर्ग नीट भरत नाहीत. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पाण्यात जातात, तेव्हा तास रंगात येतात. पहिल्या सहामाहीची परीक्षा दिवाळीच्या आसपास येते, तेव्हा पर्यटकांचा हंगाम उघडतो. दुसरी परीक्षा येते तेव्हा देवगडात आंबा उतरत असतो आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजू. हजेरी मात्र 75 टक्के हवी. ज्याच्या घरचं वर्षाचं उत्पन्न या सात-आठ महिन्यांत येतं त्याने काय करावं? तो ‘बाहेरून’चा अर्ज भरतो. त्याच्या बुद्धीचा या अर्जाशी काही संबंध नाही. आपण त्याच्या हंगामावर परीक्षा ठेवली आणि त्याला दुय्यम म्हटलं.

मुलींचं आणखी वेगळं. मालवणहून कुडाळ तीस किलोमीटरच्या आत-बाहेर, पण संध्याकाळची एस.टी. चुकली तर घरी कसं पोहोचायचं हा प्रश्न किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. राज्याने 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. फार चांगला निर्णय. पण तो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळवणाऱ्या मुलीसाठी आहे. सासू-सासऱ्यांचं करून रात्री दहानंतर बी.ए.चं पुस्तक उघडणारी त्यात येत नाही. ‘शिकान काय करतलंस?’ हा प्रश्न तिला घरातही ऐकावा लागतो आणि, सवलतींच्या याद्या पाहिल्या तर, थोडा सरकारकडूनही.

इथे मला समोरच्यांचं एक म्हणणं मान्य केलं पाहिजे. बाहेरून शिकण्यात आज फार उणिवा आहेत. पुस्तकं उशिरा येतात. संपर्कसत्र नावापुरतं होतं. स्वाध्याय एकाने लिहायचा आणि दहांनी उतरवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका केंद्रावर निकालातली चूक दुरुस्त करायला ओळखीतल्या एका मुलीला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. प्रवेश घेणारे पुष्कळ असतात, पदवीपर्यंत पोहोचणारे त्या मानाने थोडे. हे झाकायचं नाही. पण यातली एकही उणीव विद्यार्थ्याच्या कुवतीतली नाही. खरी उणीव आहे ती त्याला जवळ कोणी शिकवणारं नाही, ही.

आणि इथेच तिसरा निष्कर्ष कोसळतो. दूरस्थ शिक्षण हवेत चालत नाही. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं असतात कुठे? चालू शाळा-महाविद्यालयांत. संपर्कसत्र घेणारा प्राध्यापक तिथला, परीक्षेचं बाकडं तिथलं, ग्रंथालय तिथलं. मालवणचं स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, सावंतवाडीचं श्री पंचम खेमराज, कुडाळचं संत राऊळ महाराज, वेंगुर्ल्याचं बाळासाहेब खर्डेकर: यांच्या इमारतींवर कुलूप लागलं, तर बाहेरून शिकणारा विद्यार्थी उभा राहील कुठे? पट घसरतो म्हणून महाविद्यालय बंद करणं म्हणजे नियमित आणि बहिःस्थ, दोघांच्याही पायाखालची फळी काढून घेणं. शिवाय वैद्यक, अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी दूरस्थ पद्धतीने देता येतच नाहीत. भौतिकशास्त्राचा प्रयोग मोबाइलच्या पडद्यावर होत नाही. आणि दरडींच्या, वाऱ्याच्या, खंडित विजेच्या जिल्ह्यात चार महिने ‘ऑनलाइन’वर विसंबायला सांगणारा माणूस पावसाळ्यात आमच्याकडे राहिलेला नसावा.

मग काय हवं? पट मोजण्याची रीत बदलायला हवी. आज महाविद्यालयाला शिक्षक आणि अनुदान मिळतं ते नियमित विद्यार्थ्यांच्या तुकड्या आणि कार्यभार पाहून. त्याच इमारतीत केंद्राच्या नावाखाली शिकणारे या हिशेबात धरले जात नाहीत. ते धरा. मालवण तालुक्यात जो कोणी पदवीला शिकतो आहे, कुठल्याही विद्यापीठाचा, कुठल्याही पद्धतीचा, तो मालवणच्या महाविद्यालयाची जबाबदारी आहे, आणि ती जबाबदारी घेतली तर त्यासाठी माणूसबळही द्या. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने रविवारी फुकट शिकवावं, ही अपेक्षा योग्य नाही.

बहिःस्थ विद्यार्थ्यांची संपर्कसत्रं जून-जुलैमध्ये घ्या, सलग, दिवसा. होड्या शाकारलेल्या असतात, किल्ल्याची जेटी रिकामी असते, वर्ग अजून भरलेले नसतात. परीक्षेची एक जादा फेरी पावसाळ्यात ठेवा. पदव्युत्तर वर्ग प्रत्येक तालुक्यात चालवता येत नसतील तर दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक चालवावा, निम्मे तास प्रत्यक्ष, निम्मे दूरस्थ. आयोगाने 2022 मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला परवानगी दिली. पद्धती मिसळायला दिल्लीची हरकत नाही, तर ओरोसची तरी का असावी? नव्या धोरणाची चार वर्षांची पदवी आपल्या महाविद्यालयांत 2024-25 पासून आली आहे. त्यातली पहिली तुकडी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षात जाईल. तोवर इथे मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा नसतील तर तिसऱ्या वर्षानंतर मुलं एकतर थांबतील नाहीतर मुंबईची गाडी पकडतील.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1837 साली मालवणात जन्मले. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक, आणि पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. पण वडिलांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून त्यांना इंग्रजी शाळा मिळाली, आणि मग मुंबईचं एल्फिन्स्टन. मालवणच्या हुशार मुलाचं शिक्षण वडिलांच्या बदलीवर अवलंबून होतं. त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या जवळ आल्या. एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी. अजून तितक्या जवळ आलेल्या नाहीत.

पुढच्या 1 जूनला मालवणच्या बंदरात होड्या वर ओढल्या जातील. त्या ओढणाऱ्या पोरांत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘बाहेरून’ बसलेली काही असतील. 2 जूनला महाविद्यालयाचं फाटक त्यांच्यासाठी उघडं असावं, आत त्यांच्या नावाची हजेरी असावी आणि शिकवायला माणूस असावा.