बाळाची शी कोणाच्या हातात?

आपल्या वस्त्यांत एक बदल सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला आहे. पूर्वी बाळंतिणीला भेटायला जाताना झबले, टोपरे, दुपटे नेत. आता डायपरचे पाकीट नेतात. किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी सुटे डायपरही टांगलेले असतात, आणि कंपनी कोणतीही असो, आपण सगळ्यांनाच 'हगीज' म्हणतो. आजीच्या पायांवर शीला बसलेले लेकरू दिसले, की 'अजून जुन्याच काळात आहेत' असे म्हणणारेही घरातच निघतात.

आमचे मत वेगळे आहे. बाळाला पहिल्या महिन्यांपासून शी-सूची सवय लावणे आणि डायपर गरजेपुरताच वापरणे हे मागासलेपण नव्हे. ते बाळाच्या प्रकृतीला हिताचे आहे, घराच्या पैशाला परवडणारे आहे आणि आपल्या विचारालाही धरून आहे.

आपल्या आज्या-माया हे कसे करत, ते नव्या आयांसाठी सांगतो. पाय लांब करून बसायचे, दोन्ही पावलांमध्ये थोडी जागा ठेवायची, बाळाला आपल्याकडे तोंड करून पावलांवर बसवायचे, पाठीला हात लावायचा आणि 'सूऽऽ' असा आवाज करायचा. वेळ कोणती? बाळ झोपेतून उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर. पोटात दूध गेले की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून त्या वेळी शी होण्याची शक्यता जास्त. बाळ खुणाही देते. खेळता खेळता एकदम थबकते, कपाळाला आठ्या घालते, अंग ताणते, दूध पिताना मध्येच तोंड सोडते. आठ-दहा दिवस लक्ष ठेवले, की आईला आपल्या लेकराच्या खुणा कळू लागतात. बैठक, आवाज आणि वेळ यांचा मेळ बाळाच्याही ध्यानात बसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: 'एवढ्या लहान लेकराला काय कळते? डॉक्टर तर दीड-दोन वर्षे थांबा म्हणतात.' हा सल्ला कुठून आला ते पाहू. अमेरिकेत १९६१ साली पॅम्पर्स हे वापरून फेकायचे डायपर बाजारात आले. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी मूल तयार होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंत थांबावे, असे मांडले. त्यांचा हेतू चांगला होता. तिकडे मुलांना मारून, दटावून सवय लावली जाई, ते थांबावे असे त्यांना वाटत होते. पण जगात सगळीकडे मारूनच सवय लावत नव्हते. पूर्व आफ्रिकेतील डिगो समाजावरचा अभ्यास १९७७ साली 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथल्या आया पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करतात आणि पाच-सहा महिन्यांच्या सुमारास बाळे ठरलेल्या बैठकीत, ठरलेल्या आवाजावर शी-सू करतात, असे त्यात नोंदवले आहे. चीनमध्येही मागून उघडी चड्डी घालून लहान मुलांना अशीच सवय लावत आले आहेत.

यात एक फरक मात्र समजून घ्यावा. लघवी-संडास स्वतः रोखून धरणे आणि स्वतः सांगणे हे लेकराला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच नीट जमते. त्याआधी आपण लावतो ती सवय असते, पक्का ताबा नसतो. म्हणून कपडे ओले झाले तर रागावू नये. दोन-तीन मिनिटांत झाले नाही तर उठवावे. बाळ मान धरत नाही तोवर पायांवर उभे बसवू नये, मान-पाठीला पूर्ण आधार देऊन मांडीवर आडवे धरावे. रडत असेल, अंग ताठ करत असेल तर जबरदस्ती करू नये. भीतीने शी दाबून ठेवण्याची सवय लागली, की बद्धकोष्ठता होते आणि मग सगळेच अवघड होते.

प्रकृतीचा हिशेब सरळ आहे. ओल्या, कोंदट डायपरमध्ये तासन्‌तास राहिलेली कातडी लाल होते, सोलपटते, त्यावर बुरशी वाढते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तर हे लवकर होते. डायपर दर तीन-चार तासांनी बदलावा आणि शी झाली तर लगेच, हे सर्वांना माहीत असते. पण महागाचा डायपर 'अजून भरला नाही' म्हणून रात्रभर तसाच राहतो.

आता पैशाचा हिशेब. एक डायपर दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला चार लागले, तर महिन्याला १,२०० रुपये होतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. ते बाळंतिणीच्या पोटात जावेत, म्हणून सरकार देते. या हिशेबाने ते १२५ दिवसांत डायपरमध्ये संपतात. तेवढ्यात अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध किती येईल, ते ज्याचे त्याने मोजावे.

'लंगोट धुवायला पाणी कुठून आणायचे?' हा प्रश्न खरा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे खारपाणपट्टा आहे, इतर तालुक्यांतही उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. पण बाळाला वेळेवर बसवले तर लंगोट भरतातच कमी. दहाच्या जागी चार धुवावे लागले तर पाणीही वाचते आणि हातही.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भरलेला डायपर घराबाहेर टाकला, की तो आपल्यापुरता संपतो. पण तो जातो कुठे? शहरात तो घंटागाडीत जातो. गावात नालीत, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला पडतो. नालीत पडला की पाणी शोषून फुगतो आणि नाली तुंबवतो. त्यात प्लास्टिक आणि पाणी धरून ठेवणारे रसायन असते, ते कुजत नाही. मग कोणीतरी तो हाताने किंवा फावड्याने ओढून काढतो. तो 'कोणीतरी' कोणत्या समाजाचा असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. हाताने मैला उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी घडी घातलेल्या पांढऱ्या पुडक्यात तोच मैला पुन्हा त्याच हातांत जातो.

पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतील कचरावेचक महिलांनी हा प्रश्न उचलला. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडचा कचरा ती बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवण्याची मोहीम केली. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर आणि पॅड कंपनीने दिलेल्या पिशवीत किंवा योग्य वेष्टनात नीट गुंडाळूनच द्यावेत, अशी तरतूद आली. मात्र गुंडाळलेला मैलाही शेवटी मैलाच असतो. तो कमी तयार करणे हाच खरा उपाय.

भगवान बुद्धांनी राजगृहातील सुनीत या सफाई करणाऱ्याला संघात घेतले. पोटाच्या आजाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह स्वतः धुतले, स्वच्छ केले. घाण साफ करणे हलके नाही. ती जन्मावरून दुसऱ्याच्या माथी मारणे हलके आहे. मेलेली गुरे ओढण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सोडले. त्यांच्या नातवंडांनी आपल्या लेकरांचा मैला दुसऱ्या कष्टकऱ्यावर टाकावा, हे आम्हाला पटत नाही.

पण हे सारे आईच्याच डोक्यावर टाकू नये. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईने दिवसभर बाळाच्या खुणा कशा पाहायच्या? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी या काळात आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगितले होते. लेकरू वाढवणे ही एकट्या आईची जबाबदारी नाही, हा त्यातला विचार घरातही आणला पाहिजे. बापाने सकाळी कामाला जाण्याआधी एकदा आणि रात्री एकदा बाळाला पायांवर बसवले, लंगोट धुतला, तर त्याची मर्दुमकी कमी होत नाही. आजीचे हात घरात असतील तर त्यांना मान द्यावा. प्रवासात, दवाखान्यात, आजारपणात, रात्रीच्या वेळी डायपर वापरला तर अपराध वाटून घेऊ नये.

दोन गोष्टी मात्र सर्वांनी पाळाव्यात. 'लेकराच्या शीला काय वास, काय रोग' असे म्हणू नये. हगवण आणि पोलिओचे जंतू बाळाच्या शीतूनही पसरतात. म्हणून कागदावर किंवा भांड्यात झालेली शी संडासातच टाकावी आणि साबणाने हात धुवावेत, बाळाचेही. डायपर वापरला असेल तर शी आधी संडासात झाडावी, मग डायपर कागदात घट्ट गुंडाळून वेगळा द्यावा. नालीत टाकू नये, जाळू नये.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात चार आया आणि चार बाप एकत्र बसले, एखाद्या आजीने पायांवर बसवून दाखवले, तर हे शिकायला अर्धा तास पुरे. पुढच्या बारशाला डायपरच्या पाकिटाऐवजी सहा मऊ सुती लंगोट आणि एक दुपटे द्या.

जयभीम.