धुऱ्यावरची रुई यंदा मुळासकट काढू नका

दर्यापूर तालुक्यातल्या शेतकरी भावांनो, बहिणींनो,

मिरग तीन आठवड्यांवर आला आहे. वावरात वखरणी सुरू आहे, पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि आता पाळी धुऱ्यांची. कुणी धुरा पेटवून देतं, कुणी जेसीबीवाल्याला सांगून पांदणीच्या कडेची झुडपं खणून काढतं, तर कुणी पहिला पाऊस पडून हिरवं झालं की तणनाशकाचा पंप पाठीवर घेतं. तिन्हींत रुई जाते. माझी हात जोडून विनंती आहे की यंदा तिला राहू द्या. अगदीच अडचण होत असेल तर वरून छाटा, पण मूळ जमिनीत ठेवा. त्या मुळाशी आत्ता, या मे महिन्यात, येत्या पावसाळ्यातले भुंगेरे वाढताहेत.

तुम्ही त्याला पाहिलं असेल. रुईच्या पानावर बसलेला, सेंटीमीटरभर लांबीचा, मोराच्या मानेसारखा निळा. उन्हाची बाजू बदलली की त्यात हिरवी, तांब्याची झाक येते. बोट लावायला जावं तर पाय आखडून टपकन खाली पडतो आणि गवतात दिसेनासा होतो. शास्त्रज्ञ त्याला प्लॅटिकोरायनस पेरेग्रिनस म्हणतात. मी आपला रुईचा भुंगेरा म्हणतो. रुईच्या फुलांवर गुणगुणत येणारा, लाकूड पोखरून घर करणारा काळा भुंगा तो हा नव्हे.

पावसाळ्यात पानावर दिसतो तो त्याच्या आयुष्याचा उघड्यावरचा भाग. अंड्यातून निघालेली अळी मातीत शिरते, मुळांवर वाढते, कोषही मातीतच करते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात घातला तर कोपरापर्यंत जातो. वर पंचेचाळीस अंशांचं ऊन, खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि धुऱ्यावर एकटी रुई हिरवीगार. तिचं मूळ खोल गेलेलं असतं. त्या आधारावर हा जीव उन्हाळा काढतो. जेसीबीच्या एका हिसक्यात झाड निघतं तेव्हा नुसतं झाड निघत नाही; पुढच्या पावसाळ्याची अख्खी पिढी उन्हात फेकली जाते.

इथे तुम्ही म्हणाल, मुळं खाणारी अळी म्हणजे हुमणीच की! प्रश्न रास्त आहे, आणि हुमणीने ज्याचं पीक बसवलं त्याला तो पडणारच. पण फरक ओळखायला सोपा आहे. हुमणीचे भुंगेरे तपकिरी असतात, वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर अंधार पडला की जमिनीतून निघतात आणि कडूनिंब, बाभूळ, बोरीवर पानं खातात. हा निळा भुंगेरा भरदिवसा रुईवर असतो. त्याचं पोट रुईवर आणि तिच्या कुळातल्या झाडांवर भरतं. हुमणीचा बंदोबस्त जरूर करा, संध्याकाळी निंबा-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून मारा. त्यासाठी धुऱ्यावरची रुई खणायची गरज नाही.

रुई खाणं सोपं नाही. तिचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून छाटतानाही जपा, लेकरांना लांब ठेवा. त्या चिकात हृदय बंद पाडणारं विष असतं. बकरीसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाही. मग एवढासा किडा ती कशी पचवतो? हे विष पेशीतल्या ज्या पंपाला चिकटतं, त्या पंपाची घडणच रुईच्या कुळावर जगणाऱ्या किड्यांपैकी कित्येकांत बदललेली आहे. भुंगेरे, फुलपाखरं, ढेकण्या अशा एकमेकांशी नातं नसलेल्या किड्यांत तोच बदल वेगवेगळा घडून आल्याचं २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी धुऱ्यावर जाऊन त्या किड्याकडे पुन्हा एकदा बघत बसलो होतो.

अमेरिकेत रुईची चुलत बहीण आहे, मिल्कवीड. तिच्यावर तांबडा, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा असतो. त्याच्याही अळ्या मुळांशी वाढतात, हिवाळा जमिनीत काढतात. तिथे तणनाशक सोसणारं सोयाबीन आणि मका आला, शेतोशेत ग्लायफोसेट पडलं, आणि मध्य-पश्चिम भागात १९९९ ते २०१० या काळात मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटली असा अंदाज आहे. तिच्यावर जगणारी मोनार्क फुलपाखरंही घटली. आपल्याकडेही तणनाशक सोसणारं कपाशीचं बियाणं मान्यता नसताना चोरून येतं आणि पाठोपाठ ग्लायफोसेटचा फवारा धुऱ्यापर्यंत पोचतो. ग्लायफोसेट परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरावं अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. गावात ती किती जणांना माहीत आहे?

आणि रुई वावराला काहीच देत नाही असंही नाही. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा असतो. तो कपाशीवर येणाऱ्या माव्याहून वेगळा. त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात, तिथेच अंडी घालतात आणि पुढे पिकावरचा मावाही खातात. फुलांवर येणारा काळा भुंगा तुरीच्या फुलांवरही जातो.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतः धुरा साफ करून घेतला. रुईची चौदा झाडं होती, अर्ध्या तासात निघाली. त्या पावसाळ्यात नातीला निळा किडा दाखवायला नेलं आणि अख्खा धुरा फिरूनही एक दिसला नाही. शेंगा फुटल्यावर वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या नाहीत, पानाखाली केशरी फुलपाखराची अळी नाही. आता कडेला दोन रोपटी आली आहेत. भुंगेरा अजून आलेला नाही.

म्हणून दर धुऱ्यावर चार-पाच तरी झाडं ठेवा. धुरा जाळू नका. ग्रामपंचायतींनी पांदण रस्त्याच्या कामात जेसीबीवाल्याला आधीच सांगावं की रस्त्यात येत नाही ती रुई राहू दे. गाडगेबाबांचं शेंडगाव आपल्या शेजारचं. गाव झाडून लख्ख करायची सवय आपल्याला त्यांनी लावली. पण त्यांच्या खराट्याने कचरा निघत असे, झाडाची मुळं निघत नसत. शनिवारी मारुतीला रुईची माळ करणाऱ्यांनी सुटी पानं तोडावीत, फांद्या मोडू नयेत, आणि तोडण्याआधी पान उलटून बघावं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्राच्या मंडळींनाही विनंती आहे की पावसाळ्यात एकदा या पट्ट्यातल्या धुऱ्यांवर फिरून या किड्याची नोंद करावी.

जेसीबीचा नंबर ज्यांनी या आठवड्यात लावला आहे त्यांनी आजच फोन करून रुई राहू दे एवढं सांगावं. बाकीच्यांनी पाऊस पडून रुईला नवी पालवी आली की एखाद्या सकाळी लेकरांना घेऊन धुऱ्यावर जावं, आणि निळा दिसला तर कोणत्या धुऱ्यावर दिसला ते गावच्या शाळेतल्या फळ्यावर लिहून ठेवावं.