घाई नेमकी कुणाला?

‘बोलणाऱ्याची माती विकते’ ही म्हण दुकानदारीत वेदवाक्य होऊन बसली आहे. गिऱ्हाइकाला स्वतःचं मन कळत नाही, त्याला जरा रेटावंच लागतं, नाहीतर ‘बघून सांगतो’ म्हणत ते शेजारच्या दुकानात शिरतं, असं विक्रीचे धडे देणारे छातीठोकपणे सांगतात. त्यातला पहिला भाग खरा आहे. फ्रिज घ्यायला निघालेल्याला 200 लिटर पुरतील की 250, हे ठाऊक नसतंच. पण मग त्याला समजावून सांगा, रेटता कशाला?

रेटणाऱ्याची वाक्यं ऐका. ‘ऑफर आजच्यापुरतीच’, ‘शेवटचा पीस आहे’, आणि बिल होता होता ‘वाढीव वॉरंटी टाकतो हं’. यात फ्रिजबद्दल अवाक्षर नाही. गिऱ्हाइकानं चार ठिकाणी भाव विचारू नये, घरी जाऊन हिशेब करू नये, एवढीच काळजी आहे. शिवाय मोठ्या दुकानात समोर उभा असलेला पोरगा अनेकदा दुकानाचा नसतोच. एखाद्या कंपनीनं तिचा माल खपवायला तो तिथं ठेवलेला असतो. (त्याला काय बोलणार? टार्गेट ठरवणारे वेगळेच.) ऑनलाइन विक्रीतल्या अशा खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 साली फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातलं. मोबाईलच्या पडद्यावर जे गैर, ते काउंटरवर तोंडी केलं की कौशल्य कसं होतं?

‘मग काय, पुणेरी दुकानदारासारखं पेपर वाचत बसायचं?’ हा प्रश्न ठरलेला. मुळीच नाही. आलेल्या माणसाकडे मान वर करून न बघणं हा निव्वळ माज झाला, त्याला सौजन्याचं नाव देऊ नये.

पैठणीचा जाणता विक्रेता बघा. बोलण्यात तो कुणाला हार जात नाही. पण बोलता बोलता पदर उलटा करून समोर धरतो. हातमागावर पदराची नक्षी विणीतच गुंफलेली असते, म्हणून मोर सुलट बाजूनं दिसतो तसाच उलट बाजूनंही दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागं सुट्या धाग्यांचं जंजाळ असतं. हे एकदा कळलं की बाई पुढच्या दुकानातही पदर उलटूनच बघणार. स्वतःच्या मालाविषयी खात्री असल्याशिवाय ही परीक्षा गिऱ्हाइकाच्या हाती कोण देईल?

‘पैठणीवाल्याला परवडतं, आमचं मार्जिन कुठं तेवढं?’ हे रडगाणं मला पटत नाही. भाव लिहून द्यायला मार्जिन लागत नाही. हार्डवेअरवाले, टाइल्सवाले रोज कोटेशन देतात, त्यावर मुदत घालतात आणि सही-शिक्का मारतात. फ्रिजवाल्यानंही आजचा भाव आठवडाभर लागू म्हणून कागदावर द्यावा, आणि गिऱ्हाइकाला खुशाल शेजारच्या दुकानात जाऊ द्यावं.